पुस्तकांना ऊन

गेल्या महिन्यात नगरला, सावेडीतल्या आमच्या घरी एक तरुण निमंत्रण घेऊन आला. चर्चासत्राचं निमंत्रण. विषय : 'युवा ग्रंथालय सेवेतील व्यावसायिक संधी आणि सर्जनशील उपक्रम'. असला विषय काढणाऱ्या माणसाला पोरांशी बोलायची सवय नसणार, हे वाचताक्षणी कळलं. तरुण म्हणाला, "मॅडम, तुम्ही ज्येष्ठ. तुमच्या काळातले उपक्रम सांगा. फक्त जरा पॉझिटिव्ह बोला." मी विचारलं, "पोरं येणार आहेत का ऐकायला?" तो म्हणाला, "नाही नाही, पोरं कशाला? ग्रंथपाल आणि प्राध्यापक." मग मी त्याला चहा दिला, चिवडा दिला, आणि येणार नाही म्हणून सांगितलं. तिथे जे बोलले नाही ते इथे लिहिते आहे. दिवाळी अंकात माणसाला पॉझिटिव्ह राहायची सक्ती नसते असं मी धरून चालते.

माझ्या आयुष्यात व्यावसायिक संधी एकदाच आली आणि ती मी घालवली. सर्जनशील उपक्रमही मी एकच केला, आणि तो चोरून केला. दोन्हींची गोष्ट एकच आहे.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. नगरला ग्रंथपालनाचा वर्ग पास होऊन मी पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या पुढे एका बाजाराच्या गावी सार्वजनिक वाचनालयात नोकरीला लागले. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याविषयी लिहायचंय त्यांचे नातू आता पुढारी आहेत, आणि त्यांतल्या काहींना वाचताही येतं.

बाहेरच्यांना आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. सरकारनं वाचनालयांना वर्ग ठरवून दिले होते. वरचा वर्ग मिळाला की अनुदान वाढायचं. वरच्या वर्गासाठी ज्या अटी होत्या त्यांत एक होती बालविभागाची. बालविभाग असावा, एवढंच म्हटलेलं होतं. त्यात बालक असावं असं कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे गावोगावी वाचनालयाच्या एका कोपऱ्यात एक काचेचं कपाट उभं राहिलं आणि त्यावर पाटी लागली. आमच्या कपाटावरची पाटी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणाऱ्या पेंटरनं केली होती. तिच्यावर एक मुलगी पुस्तक घेऊन बसलेली होती. तिचे डोळे बैलासारखे झाले होते, पण निदान तिच्या हातात पुस्तक होतं. गावातल्या कुठल्या पोराच्या हातात ते नव्हतं.

कारण कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली तात्यांच्या कमरेच्या करगोट्याला होती.

तात्या म्हणजे वाचनालयाचे कार्यवाह. पेठेत त्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. माणूस खोटा नव्हता, हे आधीच सांगून टाकते. वाचनालयाची एक पै त्यांनी कधी खाल्ली नाही. तात्यांचा पुस्तकांवर जीव होता, पण तो ज्वारीच्या पोत्यांवर असतो तसा. माल कोरडा असावा, थप्पी सरळ असावी, उंदीर लागू नयेत. पोतं फोडून कुणी दाणे खाल्ले तर त्यांना जेवढं वाईट वाटलं असतं, तेवढंच पुस्तक उघडून कुणी वाचलं तर वाटायचं. मी रुजू झाले त्या दिवशी ते मला म्हणाले, "बाई, पुस्तकं सांभाळा. वाचनारे काय, आज हायत, उद्या न्हाईत."

पोराला पुस्तक हवं असेल तर काय करायचं, याची पद्धत होती. पोरानं काचेतून पाठीवरची नावं वाचायची, एक पसंत करायचं, मला सांगायचं. मी दुकानात निरोप पाठवायचा. तात्यांनी गिऱ्हाईक सोडून यायचं, कुलूप काढायचं, पुस्तक काढून फुंकर मारायची आणि पोराचे हात बघायचे. हात बघून बहुतेक वेळा ते पुस्तक परत आत ठेवायचे. शेतकऱ्याच्या पोराचे हात तात्यांना पसंत पडतील असे कुठून असणार? आणि बाजारच्या दिवशी तर हेही नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी, तात्यांना मान वर करायला फुरसत नाही, म्हणून बालविभाग बंद. आठवड्यातून ज्या एका दिवशी आसपासच्या गावांतली सगळी पोरं तिथे यायची, त्याच दिवशी बंद.

ही पोरं गाडीतळावर बसलेली असत. वाचनालयाच्या ओसरीसमोरच गाड्या सोडायचे. आईबाप बाजारात, पोरं गाडीपाशी बैलांची आणि गाठोड्यांची राखण करत. सकाळपासून कलत्या उन्हापर्यंत त्यांना दुसरं काही काम नसायचं. एकमेकांच्या खोड्या काढायच्या, बैलांच्या पाठीवरच्या गोमाश्या मोजायच्या. बरीचशी शाळेत जाणारी, अक्षरं जुळवता येणारी. आणि माझ्या पाठीशी कपाटभर पुस्तकं. माझं डोकं तडकायचं. नगरच्या वर्गात आम्हाला वर्गीकरण शिकवलं होतं, तालिका शिकवल्या होत्या. करगोट्याला बांधलेली किल्ली कशी सोडवायची हे कुणी शिकवलं नव्हतं.

मी तात्यांशी आधी वाद घातला. वाद घालणं हा मूर्खपणा होता. मग एकदा कपाट उघडलेलं असताना एका पुस्तकातून कसर पळाली. ती चंदेरी, सुळकन पळणारी कीड. तात्यांनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा घरात साप निघाल्यासारखा झाला. मला तेव्हाच सुचलं. मी गंभीर आवाजात म्हटलं, "तात्या, पुस्तकांना ऊन दाखवावं लागेल."

"किती?"

"दर आठवड्याला. एक दिवस ठरवून. आणि नुसतं ठेवून भागणार नाही, पानं उघडावी लागतील. पानापानाला हवा लागली पाहिजे."

"मंग करा की."

"बाजारचा दिवस बरा. वाचनालयात इतर कामं कमी असतात. फक्त किल्ली माझ्याकडे लागेल. आणि ओसरीवर शेळ्या येतात, राखणीला कुणीतरी हवं. गाडीतळावरची पोरं बसवते. फुकट आहेत."

फुकट म्हटल्यावर तात्यांनी किल्ली सोडली.

ग्रंथपालनाच्या वर्गात आम्हाला अगदी बजावून सांगितलं होतं की पुस्तकाला थेट ऊन कधीही दाखवू नये, कागद पिवळा पडतो, बांधणी तडकते. त्यामुळे व्यवसायाच्या दृष्टीनं माझा हा उपक्रम अडाणीपणाचा होता. पण ओसरीला पत्रा होता, ऊन पायरीपाशीच थांबायचं, आणि तात्या दुकानातून बघायला येणार नव्हते. मी गोणपाटं अंथरली, पुस्तकं मांडली आणि पोरांना हाक मारली. हात कुणाचेही बघितले नाहीत.

त्या पुस्तकांतली बरीच कोरी होती, म्हणजे छापखान्यातून आल्यावर पानं कापलेलीही नव्हती. वरची घडी तशीच, दोन पानं एकमेकांना जोडलेली. इतकी वर्षं कपाटात होती आणि कुणी ती उघडली नव्हती, यापेक्षा बालविभागाचा चांगला अहवाल लिहिता येणार नाही. मी केसातली पिन काढून पोरांना दिली. घडी कापायची आणि आत काय निघालं ते सगळ्यांना सांगायचं. पिनेसाठी मारामारी व्हायची. आज याला सर्जनशील उपक्रम म्हणत असतील आणि त्यावर कुणी प्रबंधही लिहिला असेल. तेव्हा ती माझी एक पिन होती, आणि ती दर बाजारी वाकडी होऊन परत मिळायची.

पारू पहिल्यांदा आली ती पिनेसाठीच. बारा-तेरा वर्षांची, कडेवर धाकटा भाऊ, त्याचं नाक वाहत असलेलं. आईचं नाव साळूबाई. कोरडवाहू चार पट्ट्या, म्हणून दरवर्षी घरदार ऊसतोडीला जायचं. शाळा अर्धं वर्ष व्हायची, पण अर्ध्या वर्षात पोरगी जे शिकायची ते मुख्याध्यापकांच्या पोराला दोन वर्षांत येत नव्हतं. ती मोठ्यानं वाचायची आणि वाचताना मध्येच थांबून लेखकाला शिव्या घालायची. "ह्यो राजपुत्र येडा हाय का? हिरीत उतरन्याआधी दोर बघाया नको?" बाकीची पोरं पोट धरून हसायची. मला ती फार आवडायची. माझ्यासारखीच कुजकी होती.

त्या वर्षी पावसानं तोंड दाखवलं नाही. दसऱ्यालाच टोळ्या निघाल्या, कारखान्यांकडे. जायच्या आधीच्या बाजारी पारू आली तेव्हा ती दर्यावरच्या एका गोष्टीत अर्ध्यावर होती. पुस्तक गोणपाटावर ठेवून उठेना.

"बाई, ह्या पोराचं जहाज बुडतंय. आता मी उसात जानार. मला कसं कळायचं काय झालं ते?"

साळूबाई मागे उभी होती. ती म्हणाली, "चल गं. बाईला तरास देऊ नगं. जहाजं बुडत्यात न्हाईतर तरत्यात, आपल्याला काय त्याचं?"

वाचनालयाचा नियम स्पष्ट होता. तोडीला जाणाऱ्या कुटुंबांना सभासद करायचं नाही. ती येतात कधी, जातात कधी, पुस्तक पाचटात जाईल. ठराव झाला होता, त्याच्यावर सह्या होत्या. मी जहाजाचं पुस्तक उचललं, त्याच्यावर आणखी काही ठेवली, साळूबाईच्या गाठोड्यात बांधली आणि सांगितलं, "फडाकडच्या झोपड्यांत, कोपीवर, सगळ्या पोरांना वाचून दाखवायची. येताना परत आणायची." पारूनं विचारलं, "फाटली तर?" मी म्हटलं, "फाटली तर फाटकी आण."

मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

थंडीत निरीक्षक येणार असल्याचं पत्र आलं. वर्ग वाढवून द्यायचा की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर होतं. तात्यांनी कपाट उघडलं आणि मधली खिंड बघितली. मी सरळ सांगितलं, कुणाला दिलीत ते. तात्या कपाटाला टेकून खाली बसले. मग उठले, आणि म्हणाले, "ते मागनं बघू. आदी ही खिंड बुजवा." पंचायत समितीच्या कचेरीतून कसल्या कसल्या माहितीपुस्तिका आणल्या गेल्या, त्यांना खाकी कव्हरं चढली आणि खिंड बुजली. हायस्कूलमधून चांगल्या घरची, तेल लावलेली पोरं निवडून आणली. त्यांना बालविभागात ओळीनं बसवलं, प्रत्येकाच्या हातात पुस्तक दिलं आणि निरीक्षक जाईपर्यंत खोकायचं नाही म्हणून सांगितलं. गाडीतळावरची पोरं त्या दिवशी ओसरीवर फिरकू द्यायची नाहीत, असंही ठरलं. वाचणारी बाहेर आणि न वाचणारी आत, अशी आमच्या बालविभागाची रचना होती.

निरीक्षक आले. लठ्ठ, घामेजलेले, चांगल्या स्वभावाचे गृहस्थ. एका पोराच्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं. त्याची पानं जोडलेलीच होती. पोरगा मघापासून ते तल्लीन होऊन वाचत होता. मला मनातून आनंद झाला. वाटलं, आता पकडतील. निरीक्षकांनी पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वा! अगदी कोरं ठेवलंय. कोणाला वाटणार नाही की वाचलेलं आहे."

मग त्यांनी दुसऱ्याला विचारलं, "बाळ, तू काय वाचतोयस?"

पोरगा उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "शेळ्यांच्या पोटातले जंत!"

मला हसू आवरेना म्हणून मी आतल्या खोलीत गेले. निरीक्षकांनी शेरा लिहिला की बालवाचकांमध्ये उपयुक्त विषयांची गोडी आढळली आणि ग्रंथांची निगा उत्तम राखलेली आहे. वर्ग वाढून मिळाला. पेढे वाटले. मी एक खाल्ला, तोही कडूच लागला असं लिहिलं असतं, पण पेढा चांगला होता.

उन्हाळ्यात टोळ्या परतल्या. पारू आणि साळूबाई पहिल्याच बाजाराला पुस्तकं घेऊन आल्या. ती पाहून कुठल्याही ग्रंथपालाला चक्कर आली असती. कव्हरांवर चुलीची काजळी, पानांना उसाचा चिकटा, एकाच्या कडा बैलानं खाल्लेल्या. जहाजाचं पुस्तक गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेलं. साळूबाई शरमून म्हणाली, "लई हातात फिरली, बाई. आमच्याच न्हाई, बीडकडच्या टोळीची पोरं बी यायची. रातच्याला बापयबी बसायचे ऐकत. माझा दादला म्हनायचा, पारे, त्या जहाजाचं वाच." पारू आईच्या पाठीमागे सरकली. तिला रागावतील असं वाटत होतं. मी ते शिवलेलं पुस्तक हातात घेतलं आणि मला रडू आलं. माझ्या सगळ्या नोकरीत नीट वाचलेलं पुस्तक मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

तात्यांनी ती पुस्तकं दोन बोटांत धरून कार्यकारी मंडळासमोर ठेवली. त्या बैठकीत माझं कायम होणं विषयपत्रिकेवर होतं. वाचनालयाला वरचा वर्ग मिळाला होता, कायम ग्रंथपालाची जागा मंजूर झाली होती, आणि ग्रंथपालनाचा वर्ग पास झालेली गावात मी एकटीच होते. हीच ती व्यावसायिक संधी. वडील गेलेले, नगरला आई आणि धाकटी बहीण माझ्यावर अवलंबून. ती नोकरी मला हवी होती, अगदी मनापासून हवी होती.

तात्या वाईट माणूस नव्हते, त्यांनी वाट काढून ठेवली होती. "बाई, तुमी फकस्त येवढं लिहून द्या का ऊसतोडीवाल्यांनी पुस्तकं न इचारता नेली. तुमच्यावर काय येत न्हाई. आमी तुमाला कायम करतो."

"त्यांनी नेली नाहीत. मी दिली."

"ते आमाला ठावं हाय. लिहायचं म्हनलं मी."

मी नाही म्हटलं. तेव्हा मुख्याध्यापक, जे मंडळाचे सदस्य होते, खाकरले. हा माणूस गावात एकटाच थोडाफार हुशार होता आणि म्हणून जास्त घातक होता. ते म्हणाले, "मुळात ही बाजारच्या दिवशी गोळा होणारी पोरं ओसरीवर करतात काय? मी येता-जाता पाहिलंय. पुस्तकांना ऊन दाखवणं वगैरे ठीक, पण ती पोरं वाचत बसलेली असतात. मला तरी हा सगळा बनाव वाटतो."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

ज्यांना माझा स्वभाव माहीत आहे त्यांना कळेल की त्या क्षणी माझ्या जिभेवर काय आलं असेल. होय, बनाव आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पुस्तकांना ऊन लागत नाही, बावळटांनो, ती वाचली जातात. तुमच्या नाकासमोर दर आठवड्याला वाचली जातात आणि तुम्हाला पत्ता नाही. नोकरी तशीही चाललीच होती, निदान त्यांची तोंडं बघायचं सुख मिळालं असतं. आयुष्यात मी इतकं चांगलं वाक्य दुसरं तयार केलं नव्हतं. पण ते बोलले असते तर तात्यांनी पुढच्या मिनिटाला किल्ली करगोट्याला बांधली असती, आणि पारू पुन्हा बैलांच्या गोमाश्या मोजत बसली असती.

मी म्हटलं, "सर, ती पोरं राखण करतात. शेळ्या फार येतात."

तात्या लगेच म्हणाले, "शेळ्यांचं खरं हाय, सर. लई माजल्यात. परवा माज्या दुकानातला गूळ खाल्ला."

"मग पुस्तकं हातात कशाला लागतात?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"पानं उघडी धरायला. वाऱ्यानं मिटतात." मी म्हटलं, आणि विषय तिथेच तोडण्यासाठी पुढे म्हणाले, "खराब झालेल्या पुस्तकांची जबाबदारी माझी. मी राजीनामा देते."

राजीनाम्यानं मंडळाला बरं वाटलं. राजीनामा हातात पडल्यावर कुणाला शेळ्यांत रस उरला नाही. जागेवर तात्यांच्या जावयाला घेतलं. ग्रंथपालनाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण त्याला कुलूप लावता यायचं.

किल्ली परत देताना मी तात्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "तात्या, माझं झालं ते झालं. पण एक सांगून जाते. बाजारच्या दिवशीचं ऊन चुकवू नका. दोन आठवडे चुकलं की कसर परत आलीच. तुमचे जावई नवीन आहेत, त्यांना हे कळायचं नाही."

तात्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "बाई, तुमी जाताबी पुस्तकांचाच इचार करताय," ते म्हणाले.

पुढे मला नगरच्या एका कॉलेजात लायब्ररीत जागा मिळाली. तिथे मी निवृत्त होईपर्यंत परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मागायला येणाऱ्या घोड्यांना पुस्तकं दिली. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

त्या गावी मी पुन्हा उतरले नाही. पण दोनेक वर्षांनी पाथर्डीकडे एका लग्नाला जाताना एस.टी. तिथे थांबली. बाजारचा दिवस होता. गाडीतळ भरलेला होता. खिडकीतून वाचनालयाची ओसरी समोर दिसत होती. गोणपाटं अंथरलेली होती, त्यांवर पुस्तकं होती, आणि पुस्तकांवर पोरं ओणवी झालेली होती. पारू उंच झाली होती, साडी नेसलेली होती. तिच्या मांडीवर एक जाडजूड पुस्तक उघडं होतं, आणि मानेवरून वाकून धाकटा भाऊ बघत होता. जावई कुठे दिसत नव्हता. तात्या मात्र स्वतः दुकान सोडून आले होते आणि हातात काठी घेऊन शेळ्या हाकलत होते.

मी खिडकीतून हात बाहेर काढला. पारूनं बघितलं. ती हसली नाही, ओळखही दाखवली नाही, फक्त तात्यांकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली. पोरगी शहाणी होती. माझ्याहून शहाणी.

तेवढ्यात तात्या तिच्यासमोर थांबले आणि काठी आपटून ओरडले, "पारे, येकाच पानावर किती येळ बसतीस गं? उलट की! म्हागच्या पानांना ऊन नको का लागाया?"

पारूनं पान उलटलं.